डबा परत येतो, वजन वाढत नाही

प्रश्न : वय २४, उंची १७३ सेंमी, वजन ५१ किलो. महापेला नोकरी करतो. घरी पूर्ण शाकाहार, अंडंही नाही. प्रोटीन पावडर घेऊ का?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : पावडरचा डबा तूर्त दुकानातच राहू द्या. तुमचा बीएमआय १७ आहे, निदान १८.५ हवा. वजन अलीकडे आपोआप उतरलं असेल, तर आधी डॉक्टरांकडून थायरॉइड, साखर आणि क्षयाची तपासणी करून घ्या.

आता जेवण. तुमचा डबा बहुधा असा : दोन पोळ्या, भेंडीची भाजी, पातळ वरण, त्यातलंही काही परत येतं; मग संध्याकाळपर्यंत चहावर चहा. यात प्रथिनांइतकीच उष्मांकांचीही तूट आहे. रोज ३०० ते ५०० उष्मांक वाढवा. मूठभर (३० ग्रॅम) शेंगदाण्यांत सुमारे १७० उष्मांक आणि ७ ग्रॅम प्रथिनं असतात. वाशीच्या दाणा बाजारातून शेंगदाणे-फुटाणे आणा, गुळासोबत ऑफिसच्या खणात ठेवा. पोळीला चमचाभर तूप लावलं की ४५ उष्मांक वाढले. वरण घट्ट करा, सोबत वाटीभर दही. ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत तब्बल २५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. आपल्याकडे त्यांना उगाच नाकं मुरडतात.

प्रौढांना किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. व्यायाम करणार असाल तर १.२ ते १.६ धरा, म्हणजे तुम्हाला ६० ते ८० ग्रॅम. आणि व्यायाम कराच, नाहीतर नुसतं पोट सुटेल.

चहा जेवणानंतर तासाभराने घ्या. वजन आठवड्याला पाव किलो वाढलं तरी पुरे.