दिवाळीचे बूट आणि जानेवारीची धाव

प्रश्न : जानेवारीत मुंबईला पहिल्यांदाच हाफ मॅरेथॉन धावणार आहे. सध्या आठवड्यातून चार दिवस पळतो, रविवारी १२ किलोमीटरपर्यंत मजल जाते. दिवाळीत गावी जायचे आहे, म्हणजे आठ-दहा दिवसांच्या सरावाचे खोबरे. ते नुकसान कसे भरून काढू? शिवाय दिवाळीच्या सवलतीत नवे बूट घ्यायचा विचार आहे. दुकानदार पाय पाहून म्हणाला, ‘तळवे सपाट आहेत, तुम्हाला खास बूट लागतील.’ मित्र म्हणतो, कार्बन प्लेटवालेच घे. आमचे काका म्हणतात, बूट हवेतच कशाला? आणि फराळाचा हिशेब पळून चुकता होतो का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमच्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण बहुतेकांच्या मुळाशी गोष्ट एकच आहे. शरीराला थोडी विश्रांती सहज पचते, अचानक केलेला बदल पचत नाही. सुट्टीला हे लागू आहे आणि बुटांनाही. आता एकेक गाठ सोडवू.

सुट्टीने किती बिघडते?

दहा दिवस पळालो नाही की सगळी मेहनत वाया जाते, हा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात सराव थांबला की पहिल्या काही दिवसांत रक्तातल्या द्रवाचे प्रमाण थोडे घटते. त्यामुळे हृदयाला दर ठोक्याला थोडे कमी रक्त पुढे ढकलता येते आणि ती कसर ठोके वाढवून भरावी लागते. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी नेहमीच्याच वेगाला धाप लागते ती बव्हंशी यामुळे. पुन्हा पळू लागलात की ही घट लवकर भरून येते.

खरी घसरण त्याहून सावकाश होते. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वर्षानुवर्षे कसून सराव केलेल्यांना पूर्ण थांबायला सांगितले होते. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्के घटली आणि आठ आठवड्यांनी १६ टक्के घटीवर स्थिरावली. हे काहीच न करणाऱ्यांचे आकडे आहेत. तुम्ही गावी अंथरूण धरून पडणार नाही, हे गृहीत धरतो.

त्याच दशकात आणखी काही प्रयोग झाले. त्यांत लोकांनी दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज ४० मिनिटे जोमाचा व्यायाम केला. पुढे काहींचे दिवस कमी केले, काहींची मिनिटे, तर काहींचा जोर. आठवड्याला दोनच दिवस उरले किंवा दिवसाला १३ मिनिटेच उरली, तरी ही कमाल क्षमता पुढचे १५ आठवडे टिकली. जोर कमी केला तेव्हा मात्र ती घसरली. यात एक पुस्ती जोडायला हवी. १३ मिनिटांवर आलेल्यांची खूप वेळ तग धरण्याची ताकद थोडी उणावली होती. म्हणजे छोट्या धावांवर काही दिवस निभावते, कायमचे नाही.

तेव्हा गावी दोन किंवा तीन दिवस, २० ते ३० मिनिटे पळा. त्यातल्या एका दिवशी मधूनमधून मिनिटभर वेग वाढवा. गावाकडे एखादा चढ असेल तर तोच चढून या, वेगळ्या वेगाची गरज नाही. एवढ्यावर दिवाळी निर्धास्त पार पडते.

मग नुकसान होते कशाने?

नुकसान होते ते परतल्यावर, ‘बुडालेले’ किलोमीटर वसूल करताना. चुकलेली धाव म्हणजे भिशीचा थकलेला हप्ता नव्हे. पुढच्या वेळी दुप्पट भरून ती फिटत नाही. याचे कारण असे, की हृदय, फुप्फुसे आणि रक्त लवकर तयार होतात, पण कंडरा आणि हाडे यांना तयार व्हायला कितीतरी जास्त वेळ लागतो. दम आहे म्हणून आपण लांब पळतो आणि नडगी, गुडघा किंवा टाचेमागची कंडरा कुरकुरायला लागते.

पाच हजारांहून अधिक धावणाऱ्यांवर केलेला एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. गेल्या ३० दिवसांतल्या आपल्या सर्वांत लांब धावेपेक्षा १० टक्क्यांहून जास्त अंतर एका दमात पळणाऱ्यांत दुखापती लक्षणीय वाढलेल्या दिसल्या. आठवड्याची बेरीज किती वाढली, यापेक्षा एकाच दिवशी मारलेली उडी जास्त महागात पडते, असा त्याचा मथितार्थ.

हे तुमच्या आकड्यांना लावून पाहू. तुमची लांब धाव १२ किलोमीटरची आहे. मुंबईची शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते आणि दिवाळी कधी लवकर, कधी उशिरा येते, त्यामुळे मध्ये साधारण ९ ते १३ आठवडे मिळतात. परतल्यावरच्या पहिल्या रविवारी ९-१० किलोमीटरच पळा, दुसऱ्या रविवारी पुन्हा १२ वर या. पुढे १३, १४, मग एक हलका रविवार, त्यानंतर १५, १६ आणि १७ असे चढत जा. दिवाळी उशिरा असली तरी एवढे बसते. लवकर असली तर १८ पर्यंत जाता येईल. शर्यतीआधीचा रविवार पुन्हा हलका ठेवा. हाफ मॅरेथॉन २१ किलोमीटरांहून किंचित जास्त असते, पण सरावात ते पूर्ण अंतर पळायलाच हवे असे नाही. १७-१८ पळणारा गडी शर्यतीच्या दिवशी उरलेले अंतर काढतो.

सपाट तळवे आणि खास बूट

ओल्या पायाचा ठसा पाहून बूट ठरवण्याची पद्धत अनेक दुकानांत आहे. दुकानदार फसवतो असे नाही. बरीच वर्षे बूट बनवणाऱ्यांचा आणि तज्ज्ञांचाही समज तोच होता. पाऊल आत कलते, त्याने गुडघ्यावर ताण येतो, म्हणून आतल्या बाजूला कडक आधार असलेला बूट घाला, असा तो तर्क. ऐकायला तो पटतो.

अमेरिकी लष्कर, हवाई दल आणि मरीन दल यांच्या नव्या भरतीवर हा तर्क तपासून पाहिला गेला. काहींना तळव्याच्या कमानीनुसार बूट दिले, बाकीच्यांना सरसकट एकाच प्रकारचे. दोन्ही गटांच्या दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. डेन्मार्कमध्ये ९२७ नवशिक्या धावणाऱ्यांना वर्षभर एकाच साध्या प्रकारच्या बुटांत पळवले. तिथेही पाऊल आत कलणाऱ्यांचे काही विशेष बिघडले नाही. म्हणून तळवे सपाट आहेत, पण पळताना काही दुखत नाही, तर खास बुटांवर जास्त पैसे घालायची गरज नाही. आधीपासून दुखत असेल, तर मात्र सल्ला दुकानात न घेता अस्थिरोगतज्ज्ञाकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे घ्या.

मग बूट निवडायचा कसा?

घालून पळून पाहावा आणि जो सुरुवातीपासून सुखाचा वाटतो तो घ्यावा. ‘वापरून वापरून बसेल’ या आशेवर बूट घेऊ नये. संध्याकाळी खरेदीला जा, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात, तसेच ते लांब धावेतही फुगतात. पळताना घालता तेच मोजे घेऊन जा. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर नखे काळी पडतात. चवडा रुंद असेल तर नंबर वाढवू नका, रुंद साच्याचा बूट मागा. डब्यावर यूके, यूएस आणि युरोपीय असे वेगवेगळे आकडे असतात. यूके ८ आणि यूएस ८ एक नव्हेत, आणि प्रत्येक कंपनीचा साचाही निराळा. ऑनलाइन सवलतीत घोटाळा होतो तो बहुधा इथेच.

दिवाळीत गेल्या वर्षीचे मॉडेल स्वस्तात मिळते. ते बेलाशक घ्या. नव्या मॉडेलमध्ये बऱ्याचदा वरचे कापड आणि रंगच बदललेला असतो.

खरेदीची वेळही तुमची चांगली आहे. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात नवे बूट घेणाऱ्यांची फजिती होते, तुमच्या हाताशी दोनअडीच महिने आहेत. पण जुने बूट लगेच मोडीत काढू नका. पहिल्यांदा नवे बूट घालून चार-पाच किलोमीटर पळा, मग आलटूनपालटून दोन्ही वापरा. टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक एका बुटात १० मिलिमीटर तर दुसऱ्यात ४ मिलिमीटर असू शकतो. तो कमी झाला की पोटरी आणि टाचेमागची कंडरा यांच्यावरचा भार वाढतो, म्हणून सवय हळूहळू लावायची. लक्झेंबर्गमधल्या २६४ धावणाऱ्यांच्या २२ आठवड्यांच्या पाहणीत एकाहून अधिक जोड वापरणाऱ्यांना दुखापतीचा धोका ३९ टक्के कमी आढळला. त्याचे श्रेय सगळे बुटांचेच, असे त्यावरून सिद्ध होत नाही, पण एकाच ठिकाणी तोच ताण रोज पडत नाही, हे कारण पटण्यासारखे आहे.

बुटाचे आयुष्य ढोबळमानाने ५०० ते ८०० किलोमीटर धरतात. हा पंचांगातला मुहूर्त नव्हे. पळणाऱ्याचे वजन, रस्ता आणि फोम यांवर ते ठरते. तळ एका बाजूने झिजला, फोम दाबल्यावर निबर लागला किंवा पूर्वी न दुखणारे पाय दुखू लागले, की समजावे.

कार्बन प्लेट आणि काकांचे अनवाणी पाय

तुमच्या मित्राचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. २०१७ च्या सुमारास तळात कार्बनची कडक पट्टी (प्लेट) असलेल्या अशा बुटांची चाचणी झाली, तेव्हा कसलेल्या धावपटूंची त्याच वेगाला लागणारी ऊर्जा सरासरी ४ टक्के कमी भरली. पण त्यामुळे वेळही ४ टक्के कमी होतो, असे नाही. त्यातून त्या चाचण्या बऱ्यापैकी वेगवान धावपटूंच्या होत्या आणि फायद्याचा मोठा वाटा पट्टीपेक्षा हलक्या, उसळणाऱ्या फोमचा असल्याचे मानले जाते. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने रस्त्यावरच्या शर्यतींसाठी तळाची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत आणि कडक पट्टी एकच, अशी मर्यादा घातली आहे. इतक्या उंच, मऊ तळावर नवख्याचा घोटा डगमगतो, आणि किंमतही साध्या बुटाच्या दुप्पट-तिप्पट पडते. पहिल्या हाफसाठी त्याची गरज नाही.

काकांच्या बाजूनेही दाखले आहेत. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकला. अनवाणी धावण्यासाठीच ओळखले जाणारे आपले शिवनाथ सिंग यांनी १९७८ मध्ये जालंधरला २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन पूर्ण केली आणि त्यांचा राष्ट्रीय विक्रम अनेक दशके टिकला. मात्र बिकिला १९६४ साली टोकियोत बूट घालून धावला, पुन्हा जिंकला आणि रोमपेक्षा तीन मिनिटे लवकर पोचला, हे काकांना जरूर सांगा. अनवाणी धावणाऱ्यांचे पाय तसे घडलेले असतात. तिशी-चाळिशीपर्यंत बुटांत वावरलेल्या माणसाने एकदम डांबरी रस्त्यावर अनवाणी पळणे हा पुन्हा तोच अचानक बदल झाला.

फराळ आणि धूर

पळताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी खर्च होते. ६५ किलोच्या माणसाचे ५ किलोमीटर म्हणजे सव्वातीनशे. बेसनाच्या मध्यम आकाराच्या लाडवात दीडशे ते दोनशे धरल्या, तर अर्ध्या तासाच्या धावेत जेमतेम दोन लाडू वळते होतात, चकल्या-शंकरपाळ्यांचा हिशेब वेगळाच. तेव्हा फराळ हा गुन्हा आणि धाव ही त्याची शिक्षा, असे समजू नका. दिवाळीनंतर काटा किलोभर पुढे सरकला तर तेही सगळे मेद नसते. गोडधोडातून साठलेल्या दर ग्रॅम ग्लायकोजेनसोबत शरीर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते, आणि फराळातल्या मिठाचाही त्याला हातभार लागतो.

लाडवापेक्षा धुराची काळजी करा. बसल्या जागी आपण मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा घेतो, पळताना ती ५०-६० लिटरवर सहज जाते, आणि तोंडाने श्वास घेतल्यामुळे नाकाची गाळणी वगळली जाते. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा धूर पहाटेच्या गार, स्थिर हवेत जमिनीलगत अडकून राहतो. म्हणून पहाट शुद्ध असते हा नेहमीचा समज पाडव्याच्या सकाळी उलटा ठरतो. धाव वसुबारस आणि धनत्रयोदशीला उरकून घ्या, पाडव्याला विश्रांती घ्या. इतर दिवशी हवेचा निर्देशांक पाहा. तो २०० च्या पुढे असेल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत ती ‘वाईट’ हवा आहे. अशा दिवशी घरातच पायऱ्यांचा आणि ताकदीचा व्यायाम करा.

जाता जाता, तुम्ही न विचारलेल्या एका सणाबद्दल. संक्रांत शर्यतीच्या जेमतेम काही दिवस आधी येते. तोवर सराव आटोपता घेतलेला असतो आणि स्नायूंत साखर साठवून ठेवायची असते, त्यामुळे ही सुट्टी सरावाच्या आड येत नाही, उलट कामी येते. तिळगूळ घ्या, गुळाची पोळीही खा. फक्त शनिवारी रात्री तीळ-तुपाचे जड जेवण टाळून साधा भात-वरण खा. रविवारी पहाटे पोटात नवे काही नको आणि पायात तर नकोच नको.