पाताळ कोठे आहे?



गावोगाव नदीच्या एखाद्या डोहाविषयी एक ठरावीक गोष्ट सांगतात. सात बाजांचे सुंभ सोडून एकाला एक बांधले, टोकाला दगड लावून डोहात सोडला, तरी तळ लागला नाही! सुंभ सोडणारा मनुष्य मात्र सांगणाऱ्याने कधी पाहिलेला नसतो. 'तळ नाही' असे म्हणणारे बहुधा न मोजताच म्हणतात.

अशा खोलीसाठी आपल्या भाषेत बरेच शब्द आहेत. 'थांग' म्हणजे तळाचा ठाव. 'थांगपत्ता' हा शब्द त्याचाच आणि ज्याचा थांग लागत नाही ते 'अथांग'. हिंदीतले 'थाह' व 'अथाह' याच कुळातले. 'गाध' म्हणजे पाय टेकेल असे उथळ पाणी, उतार; तो नाही ते 'अगाध'. आज आपण 'अगाध ज्ञान' म्हणतो तेव्हा मूळचे पाणी आठवत नाही. ग्रीक लोकांचा 'अबुस्सोस' हाही असाच बनला आहे, 'बुस्सोस' म्हणजे तळ आणि पुढे आपल्यासारखाच नकाराचा 'अ'. इंग्रजीने तो शब्द तेथून घेतला.

'पाताळ' या शब्दात मात्र नकार नाही. त्याचा संबंध परंपरेने 'पत्' म्हणजे पडणे या धातूशी लावतात. पाली अट्ठकथाही तसाच अर्थ देते: जेथे पडतच जावे, उभे राहायला आधार नाही, ते पाताळ.

पुराणांनी याचा नकाशाच काढला. अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल आणि पाताळ असे सात मजले पृथ्वीखाली ठेवले. वरचा कोण व खालचा कोण हे ठरवून झाल्यावर खाली ढकलायला जागा लागतेच. बळीराजाला वामनाने पाताळात घातले, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त ती कथा उलटी वाचून दाखवली. 'रसातळाला जाणे' हा वाक्प्रचार याच मजल्यांतून आला.

आता तथागत काय म्हणतात ते पाहा. संयुत्त निकायातील वेदना संयुत्तात पाताल सुत्त नावाचे छोटेसे सुत्त आहे. त्याचा आशय असा: ज्याने धम्म ऐकला नाही असा सामान्य मनुष्य म्हणतो की महासागरात पाताळ आहे. तो जे नाही त्याविषयी बोलतो. पाताळ हे शरीराच्या दुःखद वेदनांचे नाव आहे. वेदना झाली की जो छाती पिटून आक्रोश करतो व मोहात पडतो, त्याला पाताळात उभे राहता आले नाही आणि 'गाध' मिळाला नाही. जो धम्म ऐकलेला श्रावक तसा खचत नाही, त्याला तेथे पाय टेकायला जागा मिळाली.

सागराविषयीचे हे म्हणणे पुढे माणसाने स्वतः पडताळले. २३ जानेवारी १९६० रोजी झाक पिकार व डॉन वॉल्श हे दोघे 'त्रिएस्त' या पाणबुड्या यानातून पॅसिफिक महासागराच्या सर्वांत खोल खड्ड्यात उतरले. सुमारे अकरा किलोमीटरवर तळ लागला!

'गाध' हा शब्द ध्यानात धरावा. आमच्या कशेळे भागातल्या मुलांना तो समजावून सांगावा लागत नाही. पावसाळ्यात ओढा ओलांडताना पायाखालची वाळू सरकते आणि मग एकदम खडक लागतो, हे त्यांना पायानेच ठाऊक असते. येथून पेठच्या किल्ल्याकडे जाताना नदीकाठच्या खडकात आंबिवलीचे लेणे लागते. मधे मंडप, तीन बाजूंनी खोल्या, भिंतीलगत दगडी बाक. ज्या भिक्खूंनी तेथे वर्षावास केले त्यांनीही चढते पाणी खालीच पाहिले असेल. 'गाध' हा त्यांच्या भाषेतला रोजचा शब्द होता.

येथे एक सावधगिरी हवी. दुखणाईताला किंवा उपाशी माणसाला 'सहन कर' एवढेच सांगण्यासाठी हे सुत्त वापरणे मला मान्य नाही. भगवंतांनी अतिसाराने पडलेल्या भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले आणि संघाला रुग्णसेवेची आज्ञा दिली, असे विनयपिटकात आहे. धम्म म्हणजे निराशेची शिकवण होऊन बसतो की काय, हा प्रश्न बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच उभा केला. तेव्हा डॉक्टर आणि औषध आधी. सुत्त त्यांच्या बरोबरीने.

पण सुत्ताने केलेला बदल मोठा आहे. पुराणातले पाताळ ही जागा आहे आणि तेथे कोणाला पाठवायचे ते दुसरा ठरवतो. सुत्तातले पाताळ ज्याचे त्याच्या अंगात आहे. तेथे कोणी जन्माने नेमलेला नाही, आणि पाय टेकण्याचे काम ज्याचे त्यानेच करायचे आहे. आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या 'तळागाळातले' म्हणण्यात आले. त्या शब्दाचा राग येणे रास्त आहे. तरी तळ असतो एवढे त्या शब्दानेही कबूल केले, हे गमतीचेच.

वेदना संयुत्तातच थोडे पुढे, दोन बाण लागलेल्या माणसाची उपमा असलेले सल्ल सुत्त आहे. वर्षावासातील वाचनात ही दोन्ही सुत्ते एका बैठकीत घ्यावीत. पाताल सुत्त आधी वाचावे.