पशुविज्ञान आणि वन्यजीवशास्त्र : ग्रामीण तरुणांचे एक कार्यक्षेत्र

दहावीची परीक्षा आटोपली की खेड्यातील घराघरांतून एकच प्रश्न निघतो : आता पुढे काय? मुलाला किंवा मुलीला जनावरांचा लळा आहे, आजारी वासरापाशी ते रात्र जागून काढते, असे आईबाप कौतुकाने सांगतात. परंतु ही आवड चरितार्थाच्या कामी येईल असे त्यांना वाटत नाही. फार तर गुरांचा डॉक्टर होता येईल, एवढीच त्यांची माहिती असते. रानातील प्राण्यांचा अभ्यास म्हणजे तर शहरातील सुखवस्तू लोकांचा छंद, अशीच समजूत सर्वत्र आढळते. वास्तविक गोठ्यातील जनावरांचे शास्त्र आणि रानातील जनावरांचे शास्त्र यांच्यामध्ये आज एका बांधाइतकेच अंतर उरले आहे, व तो बांध बहुधा शेतकऱ्याच्या मालकीचा असतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांकडे या विषयाची विचारणा होते तेव्हा त्यांना नेमके उत्तर देता यावे, या हेतूने पुढील माहिती दिली आहे.

उसातील बिबट्या

वन्यजीवशास्त्रज्ञ नेमके काय करतो, हे समजण्यासाठी पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागाचे उदाहरण घेणे सोयीचे होईल. कालव्यांच्या पाण्यावर तेथे उसाचे क्षेत्र वाढले. ऊस वर्षभर उभा असतो, त्यात गारवा व आडोसा मिळतो, आणि वस्त्यांभोवती कुत्री, डुकरे व शेळ्या असल्यामुळे बिबट्याला भक्ष्याची वाण पडत नाही. उसाच्या फडातच बिबट्याची मादी पिल्ले घालू लागली. लोकांची ओरड झाल्यावर बिबटे पिंजऱ्यात धरून दूरच्या जंगलात सोडण्याचा उपाय मोठ्या प्रमाणावर करण्यात आला. वरकरणी हा उपाय कोणालाही पटण्यासारखाच होता.

परंतु या भागात संशोधन करणाऱ्या विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी हल्ल्यांच्या नोंदी तारीखवार मांडल्या, तेव्हा निराळेच चित्र दिसले. 1993 ते 2001 या काळात माणसांवर दरवर्षी सरासरी 4 हल्ले होत असत. मोठ्या प्रमाणावर पकडून सोडण्याचे काम झाल्यानंतर, 2001 ते 2003 या काळात, हीच सरासरी 17 वर गेली. शिवाय त्यांतील प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाणही दुपटीने वाढले. ओळखीच्या मुलखातून उचलून परक्या ठिकाणी सोडलेले, माणसाच्या हाताळणीने बिथरलेले जनावर शांत राहत नाही, आणि रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येतोच, असा या निष्कर्षांचा अर्थ लावण्यात आला.

पुढे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले खोऱ्यात याच संशोधकांनी स्वयंचलित कॅमेरे लावले. बिबट्याच्या अंगावरील ठिपके माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखे असतात. एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. छायाचित्रांवरून एकेक जनावर ओळखून संख्येचा अंदाज बांधण्यात आला. ज्या भागात राखीव जंगल नाही, शेते आणि वस्त्याच आहेत, तेथे दर 100 चौरस किलोमीटरमध्ये सुमारे 5 प्रौढ बिबटे आढळले. बिबट्याची विष्ठा गोळा करून, ती धुऊन, तीत सापडलेले केस सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यात आले. त्यावरून असे दिसले की, परिसरात कुत्र्यांपेक्षा शेळ्या कितीतरी अधिक असूनही बिबट्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता. शेळी रात्री कोंडलेली असते व राखणदाराच्या नजरेखाली असते. कुत्रे मोकळे हिंडते. बंदिस्त गोठ्याचे महत्त्व व्याख्यान देऊन पटविण्यापेक्षा ही एक गोष्ट सांगणे अधिक परिणामकारक ठरेल.

यावरून वन्यजीवशास्त्राचे स्वरूप ध्यानात येईल. वाघाच्या पाठीमागे कॅमेरा घेऊन हिंडणे हे त्याचे खरे रूप नव्हे. विष्ठा धुणे, पावलांचे माप घेणे, नोंदी ठेवणे, त्यांचे गणित मांडणे आणि गावकऱ्यांशी बोलणे यांतच या कामाचे बहुतेक दिवस जातात. ज्याला संख्याशास्त्राचा कंटाळा आहे त्याने या वाटेला जाण्यापूर्वी पुन्हा विचार करावा.

गिधाडे आणि गोठ्यातील औषध

जनावरांचा डॉक्टर व वन्यजीवशास्त्रज्ञ यांची गाठ कोठे पडते, याचे सर्वांत बोलके उदाहरण गिधाडांचे आहे. गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की तासाभरात गिधाडे गोळा होत, हे पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक शेतकऱ्याने पाहिले आहे. 1990 नंतर ही गिधाडे दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत शेकडा 99 हून अधिक घटली. प्रारंभी कीटकनाशकांवर संशय गेला, नंतर एखाद्या संसर्गजन्य रोगावर. मेलेल्या गिधाडांची शवचिकित्सा केली असता आतील अवयवांवर पांढऱ्या खडूसारखा थर दिसे. मूत्रपिंडे निकामी झाल्याचे ते लक्षण होते. कारण मात्र उमगत नव्हते.

2004 मध्ये पाकिस्तानात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स या पशुवैद्यकीय शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी या कोड्याचा उलगडा प्रसिद्ध केला. गुरांच्या सूज व वेदनांवर सर्रास दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसात शिल्लक राहत असे, आणि ते मांस खाल्लेले गिधाड थोड्याच दिवसांत मरत असे. गाईला आराम देणारे इंजेक्शन गिधाडाला विष ठरत होते. भारतात 2006 मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात राहिल्या, म्हणून 2015 मध्ये त्यांवरही निर्बंध घालावे लागले. 2023 मध्ये किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक या औषधांचा जनावरांसाठी वापर बंद करण्यात आला. गिधाडांना अपाय न करणारे मेलॉक्सिकॅम हे औषध उपलब्ध असून पशुवैद्यकाकडून त्याचाच आग्रह धरावा.

या शोधात जंगलात राहणाऱ्या निरीक्षकाची नोंद, शवचिकित्सा करणाऱ्या पशुवैद्यकाचा हात आणि औषधशास्त्राचे ज्ञान या तिन्ही गोष्टी लागल्या. गाईच्या पाठीत टोचलेल्या सुईचा परिणाम आकाशातील पक्ष्यापर्यंत पोहोचतो, हे ज्याला समजले त्याला या दोन शास्त्रांचे नाते निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. हाच धागा रोगांच्या बाबतीतही दिसतो. बुळकांडी या रोगाने पूर्वी गुरांचे कळपच्या कळप नाहीसे होत, आणि गव्यासारखी रानजनावरेही त्याला बळी पडत. 1954 पासून चाललेल्या लसीकरणाच्या मोहिमेमुळे भारत 2006 मध्ये या रोगापासून मुक्त ठरला, व 2011 मध्ये सर्व जगातून त्याचे उच्चाटन झाल्याचे घोषित झाले. याउलट 2018 मध्ये गीरच्या जंगलात काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले. कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर या रोगाच्या विषाणूचा संसर्ग त्यांच्यात आढळून आला.

शिक्षणाची वाट

आता मूळ प्रश्नाकडे वळू. येथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, निर्णय बारावीनंतर नव्हे तर दहावीनंतर होतो. अकरावीला विज्ञान शाखेत जीवशास्त्र हा विषय घेतला नाही तर पशुवैद्यकाचे दार तेथेच बंद होते. कित्येक हुशार मुले केवळ कोणी सांगितले नाही म्हणून गणितापुरते विज्ञान घेतात व दोन वर्षांनी हळहळतात. तेव्हा कार्यकर्त्यांनी ही सूचना दहावीच्या निकालापूर्वीच शाळांतून द्यावी.

पशुवैद्यक व पशुसंवर्धन या विषयांची पदवी साडेपाच वर्षांची असून तीत एक वर्षाचे प्रत्यक्ष प्रशिक्षण अंतर्भूत आहे. महाराष्ट्रात हे शिक्षण नागपूर येथील महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ व अकोला येथे त्याची सोय आहे; त्यांपैकी मुंबईचे महाविद्यालय 1886 पासून चालू आहे. प्रवेश ‘नीट’ या परीक्षेतील गुणांवर मिळतो. पदवीनंतर पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही. शासकीय दवाखाने, सहकारी दूध संघ, कुक्कुटपालन, लस व औषधांचे कारखाने आणि खाजगी व्यवसाय ही नेहमीची क्षेत्रे होत. ज्यांचा ओढा रानाकडे आहे त्यांना याच पदवीवर पुढे वन्यजीव आरोग्याचा विशेष अभ्यास करता येतो; नागपूरजवळ गोरेवाडा येथे या विद्यापीठाचे वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. ऊसतोडणीच्या वेळी सापडलेली बिबट्याची पिल्ले तपासून, रात्री त्याच जागी ठेवून आईच्या स्वाधीन करणे, हे अशा पशुवैद्यकाच्या नित्याच्या कामांपैकी एक आहे.

जे पशुवैद्यक होऊ इच्छीत नाहीत किंवा ज्यांना तेथे प्रवेश मिळत नाही, त्यांना प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, वनशास्त्र अथवा कृषी यांची पदवी घेऊन वन्यजीवशास्त्राकडे वळता येते. डेहराडून येथील भारतीय वन्यजीव संस्था 1982 मध्ये स्थापन झाली व 1988 पासून तेथे वन्यजीवशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. जागा मोजक्याच असतात आणि अर्ज देशभरातून येतात. वनखात्याची वाट याहून वेगळी आहे. भारतीय वनसेवेची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो व तीस पशुवैद्यक, प्राणिशास्त्र, कृषी इत्यादी विषयांचे पदवीधर बसू शकतात. वनक्षेत्रपाल पदासाठी राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा असते. वनरक्षकाच्या भरतीत लेखी परीक्षेबरोबर धावण्याची चाचणीही द्यावी लागते. मराठी वाचकांना परिचित असलेले मारुती चितमपल्ली यांनी उभे आयुष्य वनखात्यात घालवून पशुपक्ष्यांविषयी विपुल लेखन केले, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

शेळीपालन व कुक्कुटपालनाची अल्प मुदतीची प्रशिक्षणे किंवा पशुसंवर्धनाची पदविका यांना कमी लेखू नये. मात्र पदविकाधारकाला नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली मर्यादित सेवाच देता येते, ही गोष्ट प्रवेश घेण्यापूर्वीच स्पष्ट करावी. पुढे ती वादाचे मूळ होते.

सावधगिरीच्या काही गोष्टी

या क्षेत्राचे केवळ गुणगान करणे योग्य होणार नाही. वन्यजीव संशोधनातील कामे बहुधा एखाद्या प्रकल्पापुरती असतात. प्रकल्प संपला की काम संपते. घरचे कर्ज फेडण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे अशा मुलाने प्रथम पशुवैद्यकाची पदवी घेणे अधिक शहाणपणाचे, कारण तिच्यावर घर चालते व रानाचे दारही उघडे राहते. मुलींना हे काम झेपणार नाही ही समजूत निराधार आहे. जुन्नर-अकोल्याचे उपरोक्त काम एका महिलेच्या पुढाकाराने झालेले आहे.

रोगांचा धोकाही खरा आहे. गाभ टाकलेल्या गाईचा वार उघड्या हाताने काढल्यामुळे ब्रुसेलोसिस होऊन वर्षानुवर्षे तापाने व सांधेदुखीने हैराण झालेले पशुवैद्यक असतात. पिसाळलेल्या जनावराशी संबंध येणाऱ्याने रेबीजची प्रतिबंधक लस आधीच टोचून घ्यावी. अचानक मेलेल्या व नाकातोंडातून न गोठणारे काळे रक्त वाहत असलेल्या जनावराचे शव फाडू नये. ती फाशी असण्याचा संभव असतो. हे नियम विद्यार्थ्यांना पाळावे लागतात, तसेच ते शेतकऱ्यांनीही पाळणे अगत्याचे आहे.

घरून करावयाची तयारी

1930 च्या सुमारास पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांना नोकरी नव्हती. अलिबागजवळ किहीम येथे ते राहत असता त्यांनी जवळच्या झाडावरील सुगरण पक्ष्यांची घरटी दिवसेंदिवस निरखून पाहिली. नर घरटे अर्धवट विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर आत राहते, आणि मग नर ते पुरे करून दुसरे घरटे विणावयास लागतो, हे त्यांनी नोंदींच्या आधारे दाखवून दिले. त्यांच्याजवळ विद्यापीठाची रीतसर पदवी नव्हती. आज पदवीवाचून या क्षेत्रात प्रवेश नाही. परंतु नोंद करण्याची सवय पदवीच्या आधीच लागू शकते, आणि सुगरणीची घरटी विहिरीवरच्या बाभळीला आजही लटकलेली असतात.

यास्तव ज्या मुलाला वा मुलीला या विषयाची ओढ आहे त्याच्या हाती एक साधी वही द्यावी. गाय माजावर आल्याची, भरविल्याची व व्याल्याची तारीख, रोजचे दूध, शेळीला किती करडे झाली, त्यांपैकी किती जगली व मेलेली कशाने मेली, हे तीत लिहावे. बांधावर दिसलेला पक्षी, त्याचे गावाकडील नाव, घरट्यातील अंडी हात न लावता मोजून, तसेच पावसानंतर चिखलात उमटलेली पावले मापासह उतरून घ्यावीत. अंदाजाने काही लिहू नये. जे पाहिले नाही त्याची जागा कोरी ठेवावी. वर्षाअखेरीस वही घेऊन मुलाला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे आणि एक दिवस तेथेच बसू द्यावे. शेण, रक्त व जनावरांचे कण्हणे यांत दिवसभर थांबून जो दुसऱ्या दिवशीही जाण्याचा हट्ट धरील, त्याच्या अकरावीच्या अर्जावर जीवशास्त्र लिहावयास हरकत नाही.