शंका-समाधान : बसवलेले पंप आणि चालणारे पंप

सौर पंपासाठी माझा हिस्सा भरून बरेच महिने झाले. इकडे बातमी येते की योजनेचे उद्दिष्ट शंभर टक्के पूर्ण झाले. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा? (शेतकरी, ता. कळंब)

दोन्ही खऱ्या असू शकतात. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के रक्कम भरायची. बाकीची केंद्र आणि राज्य मिळून देतात. वर्षाच्या आराखड्यात मात्र एवढेच लिहिलेले असते की यंदा अमुक इतके पंप बसवू. तेवढे बसले की शंभर टक्के. पैसे भरून रांगेत किती जण उभे होते, हा आकडा त्या टक्केवारीच्या छेदात येतच नाही.

म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी छेदाचा असतो. 1 एप्रिलला पैसे भरून थांबलेले किती, वर्षभरात नव्याने भरणारे किती आणि 31 मार्चला शिल्लक राहिले किती? हे तीन आकडे तालुकावार मागा. रांग वाढत असेल तर उद्दिष्टच तोकडे ठरवले होते, आणि तोकडे उद्दिष्ट पूर्ण करायला फारसे कर्तृत्व लागत नाही.

दुसरे, ‘बसवला’ म्हणजे नेमके काय? अर्जाची छाननी, पुरवठादाराची निवड, शेतावरची संयुक्त पाहणी, साहित्य येणे, सांगाडा आणि पॅनेल उभे राहणे, मोटार बोअरमध्ये सोडणे, प्रत्यक्ष पाणी येणे, इतक्या पायऱ्या आहेत. यातल्या कोणत्या पायरीवर तक्त्यात बरोबरची खूण होते, हे आराखड्यात लिहिलेले असायला हवे. पॅनेलशेजारी शेतकऱ्याला उभे करून काढलेला फोटो म्हणजे पाणी नव्हे.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात आणखी एक मेख आहे. या योजनेत पंपाची क्षमता जमिनीवरून ठरते: अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, पाच एकरांपर्यंत 5 आणि त्यापुढे 7.5. भूम-परंड्याकडे उन्हाळ्यात बोअरची पातळी खाली गेली की 3 एचपीचा पंप किती पाणी वर आणणार? तक्त्यात मात्र तोही एक आणि 7.5 चाही एकच. बरे, खरी माहिती सरकारकडे नाही असेही नाही. केंद्राच्या कुसुम योजनेच्या मानकांनुसार पंपाच्या कंट्रोलरला दूरनिरीक्षणाची यंत्रणा लागते. तिच्यात पंप चालला की नाही याची नोंद राहते. पाच वर्षे दुरुस्तीची जबाबदारी पुरवठादाराची आहे. तेव्हा वार्षिक आढाव्यात ‘बसवलेले पंप’ या रकान्याशेजारी ‘मे महिन्यात चालत असलेले पंप’ आणि ‘बंद पडून दुरुस्तीला लागलेले दिवस’ असे दोन रकाने घातले, तर त्यासाठी नव्या सर्वेक्षणाची गरज नाही. तरीही ते घातले जात नाहीत, हे मला खटकते.

बेरीज करताना जपा. राज्यात कुसुमचे पंप महाऊर्जा या राज्याच्या संस्थेने बसवले, नंतर ‘मागेल त्याला’ ही योजना महावितरणकडे आली. केंद्राच्या आणि राज्याच्या तक्त्यांत तोच पंप दोनदा मोजला जाऊ शकतो.

शेतीपंपाचे बिल शून्य येते. मग महावितरणच्या जमाखर्चाशी आमचे काय देणेघेणे? (ता. परंडा)

बिल शून्य आहे, वीज फुकट नाही. 7.5 एचपीपर्यंतच्या पंपांसाठी एप्रिल 2024 पासून पाच वर्षांची ही योजना आहे आणि तिच्यासाठी वर्षाला 14,760 कोटी रुपये लागतील असे सरकारनेच सांगितले होते. वीज कायदा 2003 चे कलम 65 म्हणते की सरकारला सवलत द्यायची तर तिची रक्कम आगाऊ द्यावी. ती उशिरा आली तर कंपनी कर्ज काढते, आणि त्याचा भार फिरून कुठल्या तरी ग्राहकाच्या दरावर येऊ शकतो. तुमच्या घरच्या मीटरवरसुद्धा.

याहून महत्त्वाची गोष्ट मीटरची. पुष्कळ शेतीपंपांना मीटर नाही; त्यांचा वापर अंदाजाने धरला जातो. हा अंदाज फुगला की गळती आणि चोरी आपोआप कमी दिसते, कारण हरवलेले युनिट शेतकऱ्याच्या नावावर जमा होतात. आकडे टाकणारा भलताच, आणि वापराचा शिक्का तुमच्यावर! यावर उपाय म्हणजे शेतीचा फिडर वेगळा असेल तिथे त्या फिडरच्या मीटरवर नोंदलेले युनिट आणि कागदावरचा वापर शेजारी ठेवून पाहणे. शेतीच्या फिडरला दिवसा सौर वीज देण्यासाठी आखलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 चेही मूल्यमापन मी याच पद्धतीने करीन. मेगावॅटचे मोठाले आकडे राहू द्या. तुमच्या फिडरला दिवसा थ्री फेज किती तास मिळाली आणि रात्री दारे धरायला जाणे थांबले का, ते सांगा.

अंदाज किती हलतात याचे एक उदाहरण: वीज नियामक आयोगाने 2025-26 ते 2029-30 या पाच वर्षांच्या दरांचा आदेश 28 मार्च 2025 ला दिला, आणि 25 जूनला फेरविचाराचा आदेश आला. तीन महिन्यांत त्याच पाच वर्षांची दोन चित्रे.

खाते ‘98 टक्के निधी खर्च’ असे सांगते. ही चांगली कामगिरी मानावी का? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, तुळजापूर)

आधी विचारा, कशाच्या 98 टक्के? मार्चमध्ये मंजूर होतो तो अर्थसंकल्पीय अंदाज. वर्षाच्या मध्यावर त्याला कात्री लागून सुधारित अंदाज होतो. खर्चाची तुलना या दुसऱ्या आकड्याशी केली की कोणीही पहिल्या वर्गात पास. विभागाचे कार्यक्रम अंदाजपत्रक घेऊन बसा आणि जुन्या पुस्तिकेतले मूळ आकडे नंतरच्या पुस्तिकेतल्या त्याच वर्षाच्या ‘प्रत्यक्ष’ रकान्याशी ताडून पाहा. शिवाय मार्चअखेर दुसऱ्या यंत्रणेच्या खात्यात वर्ग केलेली रक्कमही ‘खर्च’ म्हणूनच दिसते. प्रत्यक्षात ती तिथे नुसती पडून असेल.

हे कागद आम्हाला कोण देणार? (ग्रामपंचायत सदस्य, ता. वाशी)

माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4(1)(ख) नुसार प्रत्येक यंत्रणेचे अंदाजपत्रक, वाटप झालेली रक्कम आणि अनुदानाचे लाभार्थी ही माहिती न मागताच जाहीर व्हायला हवी. नसेल तर 10 रुपयांचा अर्ज करा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द, म्हणून पंप, फिडर आणि निधी असे तीन अर्ज वेगळे करा. नाहीतर फक्त पहिल्याच विषयाचे उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करायला सांगितले जाऊ शकते. उत्तराची मुदत 30 दिवस. ‘योजनेची संपूर्ण माहिती द्यावी’ असे मोघम लिहू नका. उपकेंद्राचे नाव, फिडरचे नाव, आर्थिक वर्ष आणि हवा असलेला रकाना लिहा.

तुमच्या हद्दीत वाहिनी योजनेचा सौर प्रकल्प असेल, तर ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख याप्रमाणे तीन वर्षे रक्कम मिळण्याची तरतूद आहे. ती जमा झाली का, हे पाहायला मात्र माहिती अधिकार लागत नाही. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) रोकडवही मागून घ्या.