खिळ्याला पाणी चढत नाही

सुरी दिसायला देखणी होती. मूठ दोरखंडासारखी पीळ दिलेली, मुठीच्या टोकाला रेल्वेच्या खिळ्याचं ते एका बाजूला झुकलेलं डोकं तसंच ठेवलेलं, पातं चार इंचांचं आणि घासूनघासून लख्ख केलेलं. ओहायोतल्या गॅरेजमध्ये सहा शनिवार खर्ची घालून प्रस्तुत लेखकाने ती घडवली, मोठ्या बॅगेत कपड्यांच्या घडीत गुंडाळून सातारा जिल्ह्यातल्या आपल्या गावी आणली आणि आईच्या हातात ठेवली. आईने तिची परीक्षा घ्यायला लाल भोपळा घेतला. सुरी अर्ध्यात अडकली. आईने ती जराशी कलती करून रेटली, आणि बाहेर निघाली तेव्हा पात्याने मान टाकलेली होती. आई काही बोलली नाही. तिने विळी पुढे ओढली.

आठवडी बाजाराच्या दिवशी लेखक ती वाकडी सुरी घेऊन घिसाड्याच्या पालावर गेला. घिसाडी मामा सांडशीत कोयता धरून बसले होते, मामी उभ्याने घण घालत होत्या, आणि बाजूला ट्रकच्या मोडक्या पाट्यांचा ढीग होता. मामांनी सुरीची नक्षी पाहिली नाही. कानशीचा कोपरा तेवढा धारेवरून ओढला. कानस बोचली, लोखंडाचा कीस खाली पडला.

"कशाचं हाय हे?"

"रेल्वेच्या खिळ्याचं, मामा."

"मग बरोबर हाय. खिळ्याला पानी चढत न्हाई दादा. किती बी पाजा."

मामी घण टेकवून हसल्या. "आन् वर एवढी कलाकुसर!"

अमेरिकेत या खिळ्याचं वेड मोठं आहे. १० मे १८६९ रोजी युटामधल्या प्रॉमॉन्टरी समिट इथे दोन बाजूंनी आलेले रूळ जुळले, तेव्हा समारंभाला सोन्याचा खिळा केला होता. तो ठोकून बसवलाच नाही. लॉरेलच्या लाकडी स्लीपरला आधीच पाडलेल्या भोकात अलगद ठेवला आणि नंतर काढून घेतला. तेव्हापासून रुळाचा खिळा म्हणजे तिकडे इतिहासाचा तुकडा. त्यात तो आयता सुरीच्या मापाचा: साधारण सहा इंच लांब, १६ मिलिमीटर चौकोनी, हातात भरणारा. अर्धा भाग ठोकून चपटा केला, अर्ध्याला पीळ दिला की झालं, असं वाटतं. नवशिक्याला भुलवायला याहून सोयीचं लोखंड नाही.

लेखकाला भुलवलं ते मात्र दोन अक्षरांनी. काही खिळ्यांच्या डोक्यावर 'एचसी' असा ठसा असतो. एचसी म्हणजे हाय कार्बन, म्हणजे कडक पोलाद, असा सरळ हिशेब त्याने केला. हे 'हाय' फक्त खिळ्यांच्या जातीपुरतं असतं, हे त्याला फार उशिरा कळलं. ठसा असलेल्या खिळ्यात कार्बन जास्तीत जास्त ०.३० टक्के, साध्यात त्याहूनही बराच कमी. सुरीसाठी नवशिक्यांना सांगतात त्या १०८४ जातीच्या पोलादात तो ०.८ ते ०.९ टक्के असतो, आणि मामांच्या ढिगातल्या पाट्यात ०.६ च्या आसपास. तापलेलं पोलाद झटकन विझवलं की कडक होतं ते या कार्बनमुळे. तोच नसेल तर पाणी पाजा, तेल पाजा, मिठाचं पाणी पाजा, थोडाफार फरक पडेल, पण टिकणारी धार येणार नाही.

आणि खिळा मऊ असतो यात खिळा बनवणाऱ्याची चूक काहीच नाही. गाडीच्या चाकाखाली रूळ सतत हलतो, दाबला जातो. अशा वेळी खिळा वाकला तर निभतं, मोडला तर निभत नाही. म्हणून तो मुद्दाम वाकणारा करतात. आईच्या भोपळ्यात त्याने आपलं कामच केलं.

गावाहून परतल्यावर लेखकाने एक गंमत करून पाहिली. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही १९७६ साली स्थापन झालेली सुरी-कारागिरांची संस्था उमेदवारांची जी परीक्षा घेते, ती त्याने आपल्या उरलेल्या दुसऱ्या सुरीला लावली. लोंबता इंचभर जाडीचा दोर एका फटक्यात तोडायचा, बांधकामाच्या लाकडी फळ्या तासून तोडायच्या, त्यानंतरही त्याच धारेने हातावरची लव निघाली पाहिजे, आणि शेवटी पातं पकडीत धरून काटकोनात वाकवायचं, ते मोडता कामा नये. दोर तुटला नाही. फळीवर चार घाव घालताच धार चेपली. लव काढण्याचा प्रश्नच उरला नाही. वाकवण्याच्या परीक्षेत मात्र सुरी पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली.

ज्यांना हा छंद करायचाच आहे त्यांनी लोखंडाची जात आधी ओळखावी. सोपी खूण ठिणग्यांची. ग्राइंडरवर तुकडा टेकवला की खिळ्याच्या ठिणग्या लांब, सरळ रेघांसारख्या उडतात, फुटतात कमी. जुन्या चांगल्या कानशीच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात. दोन्ही शेजारीशेजारी एकदा पाहिल्या की डोळा विसरत नाही. विझवल्यानंतरची खूण मामांनी दाखवली तीच: कानस घसरली तर पाणी चढलं, बोचली तर नाही. लेखकाने हे दोन्ही सहा शनिवारांनंतर केलं. पहिल्या शनिवारी पाच मिनिटांत झालं असतं.

खिळे मिळवले कसे, ते सांगायलाही लाजच वाटते. सुरुवातीला लेखक आणि त्याचा एक मित्र बादली घेऊन रुळांच्या कडेने हिंडले. गंजून पडलेले खिळे कोणाच्या कामाचे, हा त्यांचा बचाव. तिकडच्या मोठ्या रेल्वे कंपन्यांचे स्वतःचे पोलीस असतात, त्यांना अटकेचेही अधिकार असतात, आणि रुळांची कडेची जागाही कंपनीच्या मालकीची. त्यातला एक अंमलदार गाडी घेऊन आला. त्याने बादली होती तिथेच रिकामी करायला लावली आणि ताकीद देऊन सोडलं. सगळ्यांनाच असा भेटेल असं नाही. पुढचे खिळे जुन्या बाजारातून, पैसे मोजून आणले. आपल्याकडे हा मोह झालाच तर १९६६ चा रेल्वे मालमत्तेचा कायदा लक्षात असू द्यावा. बेकायदा बाळगलेल्या मालासाठी पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सिमेंटच्या स्लीपरवरच्या पॅण्ड्रोल क्लिपा स्प्रिंगच्या पोलादाच्या असतात, त्यांना पाणी चढतंही, पण रुळाजवळच्या क्लिपेला हात लावणं म्हणजे गाडीच्या जिवाशी खेळ.

खिळा विकतचा असला तरी सरळ भट्टीत घालू नये. लाकडी स्लीपर कुजू नयेत म्हणून क्रिओसोट नावाच्या डांबरी तेलात मुरवलेले असतात, आणि ते खिळ्यालाही चिकटून येतं. लेखकाने पहिला खिळा तसाच तापवला तेव्हा डोळे चुरचुरले आणि गॅरेजभर आठवडाभर वास राहिला. आधी उघड्यावर, हातमोजे घालून, तारेच्या ब्रशने तो थर काढावा. जस्ताचा मुलामा दिलेली वस्तू तर भट्टीत घालूच नये. जस्ताच्या धुराने काही तासांनी फ्लूसारखा ताप भरतो, कधी त्याहून वाईट होतं.

जानेवारीत थंडी वाजते म्हणून त्याने गॅसची भट्टी पेटवून गॅरेजचं शटर खाली ओढलं. डोकं जड झालं, ते थकव्याने असेल म्हणून तो ठोकत राहिला. घरातला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला आणि बायको धावत आली म्हणून निभावलं. या वायूला वास नसतो. शटर उघडं, समोरची खिडकी उघडी, आणि एक अलार्म गॅरेजमध्येही, ही आता त्या घरातली अट आहे. थंडी वाजली तर स्वेटर घालावा. सुती किंवा लोकरी, नायलॉनचा नव्हे, कारण नायलॉन ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं.

भाजण्याचा प्रसंग आला तो लालभडक लोखंडाने नव्हे. लाल लोखंडापासून माणूस आपोआप दूर राहतो. ऐरण म्हणून वापरलेल्या रुळाच्या तुकड्यावर पीळ दिलेला खिळा पडला होता, काळा, थंड दिसणारा. त्याने तो उचलला. चारशे अंशांचं लोखंडही उजेडात काळंच दिसतं. तळहाताचा तो चट्टा अजून आहे. तेव्हापासून गॅरेजमध्ये पडलेलं कुठलंही लोखंड हाताची पाठ आधी जवळ नेऊन, आच लागत नाही ना हे पाहून मगच उचललं जातं.

तेलाचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे घर जळालं असतं. विझवायला स्वयंपाकाचं तेल चालतं, हे खरं. लेखकाने ते रंगाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बादलीत ओतलं. लाल पातं त्यात घातलं, पण घाबरत घाबरत, अर्धंच. तेलाबाहेर राहिलेल्या लाल भागाने वर आलेली वाफ पेटवली, ज्वाळा मनगटापर्यंत आली, त्याने दचकून सांडस सोडली, आणि तापलेला खिळा बादलीच्या बुडाला जाऊन टेकला. बूड वितळलं. पेटतं तेल फरशीवर पसरायला लागलं. शेजारी पाण्याची दुसरी बादली भरलेली होती आणि हात तिकडेच गेला होता. पाणी ओतलं असतं तर तेल उसळून छतापर्यंत गेलं असतं. पावडरचा अग्निशामक भिंतीवर होता, तो बायकोने चालवला. तेल जाड पत्र्याच्या उभट डब्यात हवं, त्यावर घट्ट बसणारं पत्र्याचं झाकण हाताशी हवं, आणि पातं एका दमात पूर्ण बुडवायला हवं. झाकण टाकलं की आग गुदमरते.

खिळ्याचा आकारच आवडत असेल तर एक जुना मार्ग आहे. पूर्वीच्या कुऱ्हाडींचं अंग साध्या लोखंडाचं आणि धारेपुरती पोलादाची पट्टी असे. तसंच खिळ्याच्या कडेला चीर पाडून त्यात कडक पोलादाची पट्टी बसवायची, टाकणखार टाकून भट्टीत सांधायची. ते वर्षभराच्या सरावाचं काम आहे. लेखकाचे पहिले तीन सांधे उकलले.

बाजारातून निघताना मामांकडून त्याने पाट्याच्या लोखंडाची एक सुरी करून घेतली. नक्षी नाही, मूठ बाभळीची. आई ती वापरते. ओहायोत जुन्या बाजारातले नऊ खिळे अजून उरले होते. त्यांतल्या पाचांची टोकं तापवून बाक दिला, डोक्याकडून भिंतीत बसवले. बर्फात भिजलेले कोट आता त्यांवर वाळतात.