तरंगणारी जमीन

मणिपूर राज्यांत इंफाळच्या दक्षिणेस सुमारें ४५ किलोमीटरांवर मोइरांग नांवाचें लहानसें शहर आहे. त्याच्या एका अंगास लोकताक सरोवर व त्याची दलदल पसरली आहे. ईशान्य भारतांतील गोड्या पाण्याचें हें सर्वांत मोठें तळें असून, मासेमारी हा तेथील पुष्कळ कुटुंबांचा पिढीजात धंदा आहे.

१. फुमदी म्हणजे काय? गवत, मुळ्या, कुजलेला पाला व माती हीं एकमेकांत गुंतून त्यांचे जाड थर ह्या तळ्यावर तरंगतात. त्यांस फुमदी म्हणतात. थराचा सुमारें पांचवा हिस्साच पाण्यावर दिसतो. कोळी लोक फुमदीच्या पट्ट्यांचें वर्तुळ करून, आंत आसऱ्यास आलेले मासे जाळ्यानें धरीत; कित्येकांच्या झोपड्याही तिजवरच असत. काइबुल लामजाओ येथें तर ह्या थरांवर सांगाई जातीचें दुर्मिळ हरिण चरतें.

२. तिचें पोषण कसें होई? कोरड्या दिवसांत तळें उतरे, फुमदी तळाशीं टेके, आणि तिचीं मुळें गाळांतील सत्त्व शोषून घेत. पाऊस आला म्हणजे ती पुष्ट होऊन पुन्हां वर येई. पाणी उतरणें हा वरवर तोटा दिसे. पण तेंच तिचें जेवण होतें.

३. पुढें काय झालें? १९८३ सालीं मणिपूर नदीवर इथाई येथील बंधारा चालू झाला. वीज मिळाली, हा लाभ खरा. परंतु तळ्याचें पाणी बाराही महिने उंच राहूं लागलें. फुमदीस तळ लागेना, म्हणून ती पातळ होऊं लागली. कांठचीं भातशेतें बुडालीं. चिंदविन व इरावती नद्यांतून चढून येणाऱ्या पेंगबासारख्या माशांची वाट अडली. झोपड्यांनीं तळें बिघडतें असें अधिकारी म्हणत. बंधाऱ्यानें बिघडलें असें कोळी म्हणत. २००६ सालच्या कायद्यानें तळ्याच्या मधल्या भागांत झोपड्या व वर्तुळें यांस मनाई झाली, आणि २०११ सालीं शेकडों झोपड्या जाळण्यांत आल्या.

ह्यावरून घ्यावयाचा बोध असा: ओढ्यावर बांध घालण्याची गोष्ट निघाली म्हणजे पाणी किती सांचेल एवढेंच विचारूं नये, पाणी उतरल्यानें कोणाकोणाचें पोट भरतें, हेंही कांठच्या लोकांस आधीं विचारावें.

अभ्यासाकरितां प्रश्न
(१) फुमदीस तळाशीं टेकण्याची गरज कां?
(२) बंधाऱ्यापासून लाभ कोणता व हानि कोणाची?
(३) आपल्या गांवचें पाणी उतरतें तेव्हां तेथें कोण पिकवितो, कोण चारितो, कोण मासे धरितो?