खाल्ल्या मिठाला जागताना



माझा एक जुना मित्र आहे. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे तो संसाराला लागला, मी सेमिनरीत गेलो. चारचौघांत तो मला 'फादर' म्हणतो, पण दोघेच असलो की अजून 'अरे-तुरे' चालते. त्याच्या परवानगीनेच हे लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी त्याच्या कंपनीला टाळे लागले. त्याला धीर द्यावा म्हणून मी त्याला एका एसी हॉटेलात जेवायला नेले. वाढदिवसाच्या पाकिटांतले थोडे पैसे शिल्लक होते. मी भरलेले पापलेट मागवले, कोळंबी मागवली. मेन्यूकार्डावर पापलेटपुढे भाव नव्हता, 'आकारानुसार' एवढेच लिहिले होते. बिल आले तेव्हा त्याने खिशात हात घातला, पण मी त्याला थांबवले. आज आपल्या हातून चांगले काम झाले, अशा समाधानात मी घरी परतलो.

त्यानंतर आठ महिने तो मला भेटला नाही. फोन केला की म्हणायचा, "बघू रे, पुढच्या आठवड्यात." मग एके दिवशी त्याचाच फोन आला. "बुधवारी ये. स्टेशनजवळच्या खानावळीत बांगडा चांगला मिळतो. पण एक अट, अर्धे पैसे तुझे, अर्धे माझे."

तळलेला बांगडा, रस्सा, भात, दोन चपात्या आणि वाटीभर सोलकढी. मालक खुर्च्या उचलू लागला तरी आमचे बोलणे संपत नव्हते. निघताना तो म्हणाला, "त्या दिवशी तुझे पापलेट मला गोड लागले नाही. याची परतफेड कशी करायची, हाच हिशोब डोक्यात चालला होता."

बंधू-भगिनींनो, त्या रात्री मला सेमिनरीतला तत्त्वज्ञानाचा तास आठवला. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल (इ.स.पूर्व ३८४–३२२) याच्या 'निकोमाखीय नीतिशास्त्र' या ग्रंथाचे दहा भाग आहेत. त्यांपैकी आठवा आणि नववा असे दोन पूर्ण भाग त्याने मैत्रीला दिले आहेत. मैत्री तीन प्रकारची असते, असे तो सांगतो. पहिली फायद्यासाठी, दुसरी मौजेसाठी आणि तिसरी त्या माणसाच्या चांगुलपणासाठी. तिसरी मैत्री दुर्मीळ असते आणि तिला वेळ लागतो. दोघांनी मिळून भरपूर मीठ खाल्ल्याशिवाय ते एकमेकांना ओळखत नाहीत, अशा अर्थाची एक म्हण तो देतो. आपण मराठीत खाल्ल्या मिठाला जागणे म्हणतो, तेव्हा मनात धन्याची चाकरी असते. ॲरिस्टॉटलच्या मिठात मात्र धनी कोणी नाही. दोघे बरोबरीने जेवत आहेत.

तो आणखी एक प्रश्न विचारतो. उपकार करणाऱ्याला जेवढी माया वाटते, तेवढी उपकार घेणाऱ्याला का वाटत नाही? पुष्कळ लोक यावर कर्जाचा दाखला देतात, असे तो नोंदवतो. कर्जदाराला सावकार समोर नकोसाच वाटतो. माझ्या आठ महिन्यांच्या कोड्याचे उत्तर इथे होते. मी मित्राला जेवू घालायला गेलो आणि त्याचा सावकार होऊन बसलो.

म्हणून स्वस्त जेवण म्हणजे कमी दर्जाचे जेवण, असे समजू नका. ते परवडते, म्हणून पुन्हा जमते. पुन्हा जमते, म्हणून मीठ साठत जाते. ताटातही काही उणे नसते. बांगडा आणि तारली थव्यांनी फिरतात, म्हणून हंगामात जाळ्यात भरपूर येतात आणि स्वस्त मिळतात. अंगाला चांगले असे तेल त्यांच्यात भरपूर असते. पापलेट २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. ते घटत चालले आहे आणि त्याचे रक्षण व्हावे, ही त्यामागची एक काळजी होती.

योहानच्या शुभवर्तमानाचा २१वा अध्याय आपल्याला ठाऊक आहे. तिबेरियाच्या किनाऱ्यावर प्रभू येशूने निखाऱ्यांवर मासळी आणि भाकर तयार ठेवली आहे. जेवण तयार असूनही तो शिष्यांना सांगतो की, आता पकडलेल्या मासळीतली थोडी आणा. त्याला १५३ माशांची काय गरज होती? पण रात्रभर राबलेल्या माणसांचा वाटा त्याने ताटात घेतला. आणि पेत्राशी जे नाजूक बोलायचे होते, ते न्याहारी झाल्यावर बोलला.

आपल्यासाठी काही साध्या गोष्टी सुचवतो. मित्राला जेवायला बोलावताना त्याच्या खिशाला झेपेल अशी जागा निवडा. बसल्यावर आधी विचारा, "आज ताजे काय आले आहे?" तेच मागवा. मांदेली, बोंबील, बांगडा, जे असेल ते. मोठा मासा हवाच असेल, तर भाव आधी विचारून घ्या, त्यात लाज नाही. जून-जुलैत यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा सुक्या बोंबलाचे कालवण गोड मानून घ्या. आणि मित्राने पाकीट काढले, तर त्याचा हात धरू नका. ज्याच्यापाशी खरोखरच काही नाही, त्याचे बिल जरूर भरा, पण पुढच्या वेळी त्याच्या घरचा चहा मागून प्या.

या आठवड्यात घरी बोलण्यासाठी दोन प्रश्न देतो. आपल्याला टाळणारा एखादा मित्र आपल्याच उपकाराखाली दबलेला नाही ना? आणि दुसऱ्याने आपल्यासाठी खर्च केला, तर तो आपण आनंदाने घेऊ शकतो का?

आम्ही दोघे अजूनही महिन्यातून एका बुधवारी त्याच खानावळीत भेटतो. गेल्या वेळी सुट्टे नव्हते, म्हणून त्याने माझे वीस रुपये जास्त भरले. ते मी मुद्दाम अजून परत केलेले नाहीत.

आपला,
प्रमुख धर्मगुरू